शंभरी ओलांडलेल्या बंगल्याला रंग कोणता?

रंगकाम म्हटलं की आपल्या स्थापत्यवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? एस्टिमेटच्या शेवटच्या पानावरची एक ओळ. क्षेत्रफळ गुणिले दर, बेरीज, संपलं! कोणता रंग, का, कशावर, हे व्हायवात कुणी विचारत नाही आणि आपणही कुणाला विचारत नाही. मीही त्यातलाच होतो. २०२३ च्या सुट्टीत मात्र या एका ओळीने माझा सव्वा महिना घेतला आणि एकदा चांगलाच घाम फोडला. तोच अनुभव आणि त्यातून केलेला अभ्यास इथे मांडतो आहे.

माझी मावशी आणि काका कॅलिफोर्नियात पासाडेनाला राहतात. त्यांनी १९१४ साली बांधलेला एक बैठा लाकडी बंगला घेतला. आधीच्या मालकाने सगळ्या घराला, अगदी वाशांपासून खिडक्यांपर्यंत, एकच फिकट राखाडी रंग फासला होता आणि तो आता पोपडे धरून सुटत होता. मी जाऊन पोचलो तेव्हा घरात वाद पेटलेला. काकांचं म्हणणं, "बंगला म्हणजे पांढराशुभ्र." मावशीला गेरूचा रंग हवा होता. मला पाहताच काका म्हणाले, "हे बघा, आले सिव्हिल इंजिनिअर. आता तुम्हीच ठरवा!" मी छाती फुगवून हो म्हटलं. इथेच चूक झाली.

हा 'क्राफ्ट्समन' कोण?

आधी घराची ओळख. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन रस्किन, विल्यम मॉरिस अशा मंडळींनी यंत्रावर धडाधड निघणाऱ्या नकली नक्षीच्या मालाविरुद्ध आवाज उठवला. वस्तू साधी असावी, हाताची असावी, ज्याची बनली आहे ते सामान लपवू नये, असा त्यांचा आग्रह. हा विचार अमेरिकेत पोचवणाऱ्यांत गुस्ताव स्टिकली हा फर्निचर बनवणारा पुढे होता. त्याने १९०१ ते १९१६ या काळात 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक चालवलं, त्यात घरांचे आराखडे छापले. त्या नावावरून या घरांना क्राफ्ट्समन म्हणतात. पासाडेनात चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुविशारद भावांनी १९०८ मध्ये बांधलेलं गॅम्बल हाउस हा या शैलीचा श्रीमंती अवतार. मध्यमवर्गाच्या वाट्याला आले ते छोटे बंगले. पासाडेनात 'बंगलो हेवन' नावाचा भागच आहे. १९८९ मध्ये शहराने त्याला संरक्षित वारसा विभागाचा दर्जा दिला. गंमत म्हणजे हा 'बंगलो' शब्द आपल्याकडचाच. बंगाली पद्धतीचं, एकमजली, पुढे ओसरी असलेलं घर तो बंगला. शब्द इंग्रजांबरोबर विलायतेत गेला आणि तिथून पुढे समुद्र ओलांडून गेला.

हे घर ओळखायचं कसं? छपराचा उतार कमी. पाखं भिंतीच्या बाहेर चांगलं दोन-तीन फूट आलेलं. वाशांची टोकं झाकलेली नाहीत, उघडी दिसतात. छपराखाली तिरके लाकडी आधार. पुढे रुंद ओसरी, तिचे खांब खाली जाड आणि वर निमुळते, बहुधा दगडाच्या किंवा विटांच्या ओट्यांवर उभे. भिंतीला आडव्या फळ्या, आणि वरच्या त्रिकोणी भागात शिंगल, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या लाकडाच्या पातळ पाट्या.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की या घराचं सौंदर्य जोडणीत आहे. कोणता भाग कुणावर टेकला आहे ते दिसलं पाहिजे. सगळ्याला एकच रंग दिला की जोड पुसले जातात. मावशीच्या घराचं नेमकं तेच झालं होतं.

मातीचे रंगच का?

त्या काळी या घरांवर तपकिरी, शेवाळी हिरवा, पिवळ्या मातीचा, गडद लाल असे रंग असायचे. पहिलं कारण विचाराचं. घर बागेतून उगवल्यासारखं दिसावं, आधीच्या पिढीतल्या रंगीबेरंगी व्हिक्टोरियन घरांसारखं अंगावर येऊ नये. दुसरं कारण लाकडाचं. शिंगलला जाड रंग न देता पातळ स्टेन देत, म्हणजे लाकडाचा पोत दिसत राही. तिसरं कारण रसायनशास्त्राचं, आणि ते मला सर्वांत आवडलं. पिवळी माती, गेरू, उंबर ही सगळी लोहाच्या ऑक्साइडची रूपं आहेत. ती स्वस्त असतात आणि उन्हात सहसा विटत नाहीत, कारण लोखंड आधीच गंजून बसलेलं आहे, आता त्याचं आणखी काय वाईट होणार! मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, आजीच्या तुळशीवृंदावनाचा गेरू म्हणजे हाच की!" हाच. मावशीचा पहिला गुण.

पांढऱ्याचं काय? तेव्हाचा पांढरा म्हणजे जवसाच्या तेलात खललेला शिशाचा सफेदा. तो किंचित पिवळसर, मऊ दिसायचा. आजचा लख्ख पांढरा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे, आणि त्याचं व्यापारी उत्पादन १९१६ च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे काकांचा 'पांढराशुभ्र' या घराच्या जन्मावेळी डब्यात मिळतच नव्हता. काका थोडे हिरमुसले.

माझी चूक

आता घाम फुटल्याची गोष्ट. जुना रंग काढल्याशिवाय नवा बसणार नाही, एवढं मला माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी काकांचं सँडर मशीन घेतलं आणि ओसरीचा खांब कोरडाच घासायला सुरुवात केली. पांढऱ्या धुळीचा ढग! माझी तीन वर्षांची मावसबहीण पायरीवर बसून मजा बघत होती. अर्ध्या तासाने समोरच्या घरातल्या आजी रस्ता ओलांडून अक्षरशः धावत आल्या आणि मशीन बंद करायला लावलं. त्यांचा पहिला प्रश्न, "घर कोणत्या सालचं?" दुसरा, "मूल आत का नाही?"

अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या कोणत्याही घराचा रंग शिशाचा असू शकतो, आणि १९१४ च्या घराचा तर असणारच असं धरून चालावं. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं, आणि अमुक प्रमाणापर्यंत सुरक्षित अशी पातळी आजवर सापडलेली नाही. मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, धूळ पोटात जाते. भिंतीला लागून पागोळ्या पडतात त्या पट्ट्यातल्या मातीतही ते साचून राहतं.

आम्ही रंगाचे पोपडे प्रयोगशाळेत पाठवले. वजनाच्या ०.५ टक्के शिसं असलं की तिथल्या नियमाने तो शिशाचा रंग ठरतो. आमचा त्याच्या बराच वर गेला. बहिणीचं रक्त तपासायला दिलं. ते दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मावशी मला रागावलीसुद्धा नाही, आणि त्यानेच जास्त वाईट वाटत होतं. निकाल आला तो प्रति डेसीलिटर ३.५ मायक्रोग्रॅमच्या आत होता. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२१ पासून धरलेली ही सावधतेची रेषा. डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासायला सांगितलं, तोही ठीक आला. पण नशीब आणि अक्कल यांत फरक असतो, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

म्हणून नियम असे: जुन्या रंगाला कोरडं मशीन लावायचं नाही. ज्योतीने जाळायचा नाही. पाण्याने ओला करून हाताने खरवडायचा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं, धूळ झाडूने न झाडता हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने उचलायची, मुलं आणि गरोदर बायका यांना लांब ठेवायचं. तिथे २०१० पासून १९७८ पूर्वीच्या घरात असं काम पैसे घेऊन करणाऱ्या ठेकेदाराला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. स्वतःचं घर स्वतः घासणाऱ्याला तो नियम लागू नाही, पण शिशाला ते कुठे माहीत असतं? आम्ही उरलेलं काम प्रमाणपत्रवाल्याकडे दिलं.

हे वाचून आपल्याकडचं सगळं आलबेल आहे असं समजू नका. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम २०१६ चा, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. म्हणजे त्याआधी लावलेला ऑइलपेंट अजून तुमच्या-माझ्या घरच्या दारांवर, ग्रिलवर असू शकतो. दिवाळीच्या आधी पॉलिश पेपर हातात घ्याल तेव्हा हे आठवा आणि आधी पाण्याची बादली आणा.

बदलणार नाही ते आधी लिहा

आता मूळ प्रश्न. शेडकार्ड उघडून बसायचं नाही. आधी वही घ्यायची आणि ज्याचा रंग बदलणार नाही ते लिहायचं. आमच्या यादीत होतं: छपराचं करडं-तपकिरी आच्छादन, चिमणीच्या लाल विटा, ओसरीखालचे नदीचे गोल दगड, पायऱ्यांचं काँक्रीट आणि बाजूचं ओकचं झाड. दगड-विटांना रंग द्यायचाच नाही. एकदा दिला की तो काढताना वीट खराब होते, आणि आतली ओल अडकते ती वेगळीच. गणितात जशा बाउंडरी कंडिशन्स, तशी ही यादी. उत्तर यांच्याशी जुळलं पाहिजे.

दुसरं काम, घराला स्वतःलाच विचारायचं. दारावरचा पितळी नंबर ठेकेदाराने काढला तेव्हा त्याखाली जुने थर शाबूत निघाले. त्याने ओल्या बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हलक्या हाताने उतरवली. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसले: राखाडी, दोन पांढरे, पिवळसर आणि अगदी तळाला गडद हिरवा. इथे एक सावधगिरी. तेलाचा रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो. म्हणून लगेच शेडकार्ड लावू नये, काही दिवस उजेड मिळू द्यावा. मग खरा रंग थोडा वर येतो.

आधी उजळपणा, मग छटा

अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने १९०५ मध्ये रंग मोजायची पद्धत मांडली. रंगाला तीन अक्ष: छटा म्हणजे लाल की हिरवा, उजळपणा म्हणजे किती फिका किंवा गडद, आणि तीव्रता म्हणजे किती भडक किंवा मळकट. आपण भांडतो पहिल्या अक्षावर, आणि घर फसतं उरलेल्या दोनांवर.

सोपी युक्ती सांगतो. घराचा फोटो काढा, मोबाइलवर काळा-पांढरा करा. आता छटा गेली, फक्त उजळपणा उरला. आमच्या फोटोत वासे, चौकटी, फळ्या, सगळं एकच राखाडी. मग त्या फोटोच्या प्रती काढून पेन्सिलीने तीन उजळपणे भरून बघितले. भिंत मध्यम गडद, चौकटी आणि वासे उजळ, खिडकीची झडप सर्वांत गडद, अशी मांडणी केली तेव्हा घर एकदम उभं राहिलं. अजून एकाही रंगाचं नाव घेतलं नव्हतं! उलट मांडणीही चालते, उजळ भिंत आणि गडद चौकटी. एक मात्र पाहायचं. रुंद पाखामुळे भिंतीच्या वरच्या भागावर सावली पडते. तिथे गडद रंग आणखी काळा दिसतो, म्हणून पाखाची आतली बाजू उजळ ठेवली तर ओसरीत उजेड परततो.

रंगकंपन्या शेडकार्डावर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. रंग दृश्य प्रकाशाचा किती टक्के भाग परत फेकतो तो हा आकडा, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा. या आकड्यांत चांगलं अंतर असलं तर रस्त्यावरून जोड दिसतात.

पाटीवरचा प्रयोग

शेडकार्डावरचा शेवाळी हिरवा मला फार आवडला. प्लायवुडच्या दोन बाय तीन फुटी पाटीवर प्रायमर आणि दोन हात दिले, अंगणात उभी केली. आणि काय? चक्क पोपटी! काका हसून हसून बेजार. कारण असं की छोटा तुकडा घरात बघितला तर मळकट वाटतो, तोच मोठ्या क्षेत्रावर आणि भर उन्हात जास्त उजळ आणि जास्त भडक दिसतो. म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी आवडला त्याहून एक-दोन पायऱ्या मळकट आणि गडद घ्यावा.

दुसरी गंमत शेजाराची. शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या रंगामुळे डोळा फसत होता. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ चा. आमच्याकडेही तेच. काकांनी सुचवलेला साधा राखाडी लाल चिमणीशेजारी धरला की निळसर-हिरवट दिसे. म्हणून पाटी नुसती अंगणात नको. विटेशेजारी, दगडाशेजारी, झाडाखाली, चारही बाजूंना न्यायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, तेव्हा जुळणी नेहमी बाहेर. आम्ही सहा पाट्या आठवडाभर फिरवल्या. शेजारच्या आजी रोज मत देऊन जात.

ऊन आणि लाकूड

दुपारी पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या पाट्यांना हात लावून पाहिला. क्रीम कोमट, काळसर तपकिरी चटका देणारी. गडद रंग ऊन शोषतो, लाकूड तापतं, रात्री निवतं, फुगतं-आकसतं, आणि रंगाला तडे जातात. इथे एक बारीक मुद्दा. सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी अवरक्त किरणांत असते, आणि एलआरव्ही फक्त डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा आकडा आहे. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन गडद रंगांपैकी अवरक्त परत फेकणारी रंगद्रव्यं असलेला कमी तापतो. पश्चिमेला गडद हवाच असेल तर तसा मागून घ्यावा. आणखी एक, तिथली जुनी घरं बरीचशी रेडवूडची असतात. त्यातलं टॅनिन पाण्याच्या रंगातून तपकिरी डाग होऊन वर येतं. उघड्या लाकडावर आधी डाग रोखणारा प्रायमर हवा.

आता हिशेब

शेवटी आपली ती एस्टिमेटची ओळ. घर ४० बाय २८ फूट, परीघ १३६ फूट, भिंतीची उंची १० फूट, म्हणजे १३६० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे २५० वजा, उरले १११०. दोन हातांचे २२२०. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, गुळगुळीत लाकडावर साधारण ३५० चौरस फूट पुरतो. भागाकार ६.३, म्हणून ७ गॅलन. दोन त्रिकोण, पाया २८ आणि उंची ७, प्रत्येकी ९८, मिळून १९६, दोन हातांचे ३९२. शिंगल खरखरीत, रंग जास्त पितात, म्हणून २०० चा दर धरला, २ गॅलन. एकाच रंगाचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायचे, नाहीतर डब्या-डब्यातला फरक भिंतीवर दिसतो.

काय ठरलं?

भिंतीला मळकट शेवाळी हिरवा, तळाच्या थराच्या जवळचा. त्रिकोणातल्या शिंगलना त्याच छटेचा थोडा उजळ. वासे, आधार आणि चौकटींना जुन्या सफेद्यासारखा पिवळसर क्रीम, म्हणजे काकांचा पांढरा थोडा म्हातारा होऊन आला. खिडक्यांच्या झडपा आणि दार गडद गेरूचे, ही मावशीची जागा. तिघांचंही थोडं थोडं राहिलं, पण मतं मोजून ते ठरलं नव्हतं. विटा, दगड, झाड आणि तळाचा तो रुपयाएवढा हिरवा ठिपका यांनी आम्हाला तिथे आणलं.

ओसरीचा तो खांब मात्र मी रोज निघताना बघायचो. आता त्यावर क्रीम रंग आहे, खाली काय आहे ते दिसत नाही. पागोळ्यांच्या पट्ट्यातली वरची माती काढून काकांनी तिथे जाड पालापाचोळा अंथरला आहे, आणि बहीण खेळून आली की आधी तिचे हात धुतले जातात.

मित्रांनो, पुढे तुमच्याही हाती कुणाचं तरी जुनं घर येईल. शेडकार्ड मागण्याआधी त्या आजींचे दोन प्रश्न विचारा. घर कोणत्या सालचं? आणि मूल कुठे आहे? रंगाचं मग बघू.